खडकाच्या आत

जहाजातून उतरलेल्या पाहुण्यांना फेतू बसने लाटांमुळे खडकाच्या भोकांतून उसळणाऱ्या कारंज्यांकडे घेऊन येई, पण स्वतः कधी खाली खडकावर उतरत नसे. त्याची बायको लोसा तिथे पाहुण्यांना गंमत दाखवायची. खडकाच्या भोकात ती नारळ टाकी आणि लाट तो आभाळात उडवी. गेल्या वर्षी लाटेने तिलाच आत ओढलं. ती सापडलीच नाही.

आज एक म्हातारी पाहुणी चिंब भिजून परतली. "तुमची बायको भारी हसरी हो! म्हणाली, माझ्या बसवाल्या नवऱ्याला सांगा, आज तरी खाली ये."

"आजी, तिथे कुणी नसतं."

"मग नारळ कोण टाकत होतं?"

फेतू धावत सुटला. खडकावर कुणीच नव्हतं. खाली लाट भरून येत होती, तरी तो रडत भोकावर वाकला. "लोसा?"

आतून दमलेला आवाज आला, "किती उशीर केलास रे!"