अंगणातला ठिपका

"तुझं यंत्र बिघडलं, सूनबाई. आपल्या अंगणात कोळसा कुठून येणार?" नत्थूजी कुरकुरले.

जुन्या खाणीचा टाकलेला कोळसा कुठे चिमूटभर असला, तरी ड्रोनला वरून दिसायचा आणि प्रणिताच्या टॅबवर काळा ठिपका उमटायचा. मग तिथे खोदकाम. नत्थूजींनी तीस वर्षं खाणीत डंपर चालवला होता. कुठला ढीग कोणत्या साली ओतला, ते त्यांना तोंडपाठ. म्हणून प्रत्येक ठिपका ती सासऱ्यांना विचारून पक्का करायची. घरातला हा एक मात्र रोज गुपचूप पुसायची. आज राहून गेला.

"थांब, दाखवतोच," म्हणत ते खोकत खोकत फाटकापाशी गेले. "इथं आहे का कोळसा?"

ठिपका फाटकापाशी गेला होता. प्रणिताने टॅब स्वतःकडे वळवला.

"मग इथं?" ते हातपंपापाशी जाऊन उभे राहिले. ठिपकाही तिथेच जाऊन थांबला.

सासूबाई, पंचफुलाबाई, चहाचा कप घेऊन प्रणिताच्या मागे उभ्या होत्या. पाच वर्षं हे घर त्या खोकल्याला सर्दी म्हणत होतं.

"या, बसा इकडं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पोरीचं यंत्र बरोबर आहे. कोळसा तुमच्या छातीत आहे."