खणखणीत चेसी

"चेसी कुठं जोडून घेतलीस?" जीपखाली डोकं घालून रावजीकाकांनी विचारलं.

ही जीप त्यांचीच. दोन वर्षं गोठ्यामागं गंजत पडली होती. घ्यायला आलो तेव्हा पत्रा सडलेला होता, पण चेसीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, हातोडी मारली तर खणखणीत वाजली. काकांना ऐकू कमी येतं हे एव्हाना मी हेरलं होतं. तोंड वाकडं करून मी त्यांच्या कानाशी ओरडलो, "चेसी गेलीय, काका! भंगार आहे नुसतं!"

भंगाराच्याच भावात मिळाली. सहा महिन्यांचे रविवार घालवून मी पत्रे बदलले, रंग दिला आणि आज हौसेनं त्यांना दाखवायला घाट चढून आलो.

काका गुडघ्यांवर हात टेकत उठले. "बरं केलंस बाबा. तू सांगितल्यापासून जिवाला घोर होता. वीस वर्षं वाडीतल्या अडलेल्या बायका मी हिच्यातनं दवाखान्यात नेल्या. सडक्या चेसीवर! एकेकीच्या घरी जाऊन हात जोडून आलो."

खरं सांगायचं, तर तेही ओरडूनच सांगावं लागणार होतं. आणि जीप बघायला अंगणात निम्मी वाडी जमली होती.

काकांनी पुन्हा वाकून चेसीवरून बोटं फिरवली. "जोड कुठं दिसतच नाही रे! कारागीर कोण?"

मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडलो,

"आहे एक, पुण्यात!"