पाहायचा राहिलेला वर्ग

टीव्हीवरचं अर्थसंकल्पाचं भाषण संपलं आणि श्रीनिवासरावांना अभिनंदनाचे फोन सुरू झाले. देशभरातले प्रौढ वाचनवर्ग आता बंद होणार होते आणि त्यांचा पैसा शाळांकडे जाणार होता. त्या वर्गांचा उपयोग होत नाही, हे श्रीनिवासरावांच्याच अभ्यासातून पुढे आलं होतं. उभ्या आयुष्यात सरकारनं त्यांचं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

धाकटी बहीण सुमती समोर मटार सोलत होती. त्या घरात ती दोघंच राहत, आणि असाच एक वर्ग ती रोज दुपारी चालवत असे.

"दादा, आमच्या बायका आता पेपर वाचतात रे. पहिल्या पानासाठी भांडतात. तू कधी येऊन पाहिलं नाहीस."

"मुद्दामच नाही आलो," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "आपलं माणूस असेल तिथे पाहणी करायची नाही, हा नियम आहे, सुमे. नाहीतर लोक म्हणाले असते, बहिणीसाठी चांगलं लिहिलं."

"म्हणजे परक्यांचे वर्ग हिंडून पाहिलेस, आणि बहिणीचा म्हणून माझा तेवढा राहिला."

श्रीनिवासराव घाईनं म्हणाले, "आज येतो मी."

"ये की. आता तो बंदच पडणार, तेव्हा तुझा नियमही आड येणार नाही."

मटार तसेच टाकून ती उठली. ते सदरा बदलून बाहेर आले, तोवर ती निघून गेली होती.

श्रीनिवासराव फाटकापाशी उभे राहिले. वर्ग कुठल्या गल्लीत भरतो, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.