खोक्यावरची तंगडी

सगळं बिघडलं ते खोक्यावरच्या चित्रामुळं. आत होतं बिचारं साधं इलेक्ट्रिक ग्रिल. खाली खाचाखाचांचा तवा, वर तसलंच झाकण. कंपनीनं मात्र खोक्यावर कोंबडीची खरपूस तंगडी छापली होती. आणि ते खोकं आलं उदगीरच्या शुद्ध शाकाहारी लिंगायताच्या घरात, नीलाबाईंच्या डोळ्यांसमोर.

“फोटो काढायला तंगडी भाजली आसंल का न्हाई?” पहिल्याच दिवशी त्यांनी लेकाला, अमरेशला, धरलं. “मंग ती कोणत्या मशीनवर भाजली?”

“अव्वा, असली हजारो मशीनं बनवतेत ते.”

“त्या हजारातलं ते हे न्हाई, आसं लिहून दिलंय का?”

अमरेशनं कपाळावर हात मारून घेतला. ग्रिल स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर राहिलं, व्हरांड्यात, चपलांच्या स्टँडशेजारी. स्वयंपाकघर सोडलं तर घरातला दुसरा मोठा प्लग तिथंच होता.

घेतलं होतं ते सुनेसाठी. सृष्टी देवणीच्या एका शाळेत कंत्राटावर शिकवायची. सव्वासातची बस चुकली की शाळेला उशीर. असा उशीर दोनदा झाला होता, आणि तिसऱ्यांदा झाला तर पुढच्या वर्षी येऊ नका, असं हेडमास्तरांनी तोंडावर सांगितलं होतं. घरात तर रोजचे पाच डबे आणि डब्यात धपाटेच पाहिजेत. तव्यापुढं उभं राहून एकेक उलटायचा म्हणजे पाऊण तास. ग्रिलमध्ये दोन ठेवून झाकण दाबलं की दोन्ही बाजूंनी आपोआप भाजायचे, तेवढ्यात वेणी व्हायची. म्हणून रोज पहाटे पिठाची परात घेऊन ती चपलांपाशी मांडी घालून बसली. बस एकदाही चुकली नाही. नीलाबाईंनी मात्र त्या धपाट्यांना हात लावला नाही. कडक भाकरी दह्यात मोडून खाल्ली, तीही सगळ्यांना दिसेल अशी.

दहावा दिवस रविवार. वस्तू परत द्यायची शेवटची मुदत. सृष्टीच नवऱ्याला म्हणाली, “द्या परत. चपलांपाशी शिजवून शिजवून मलाच घास उतरंना झालाय. चारला उठीन. न्हाईच जमलं तर नोकरी सोडीन, पर ही कटकट नको.”

ती इतक्या शांतपणे बोलली की अमरेश घाबरला आणि त्यानं मुकाट्यानं मोबाईलवर परतीचं बटण दाबलं.

अकराला कुरिअरवाला दारात उभा. अमरेशनं खोकं उचललं, तर हलकं. आत नुसता थर्मोकोल.

“अव्वा, मशीन कुठाय?”

“गच्चीवर. वाळून राहिलंय.”

सगळे गच्चीवर धावले, मागून कुरिअरवालाही. ग्रिल उन्हात ठेवलेलं होतं. वायरीसकट घासून धुतलेलं, खाचांतून अजून पाणी ठिबकत होतं. झाकणावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे.

कुरिअरवाल्यानं वाकून बघितलं. “वापरलेलं चालतंय, सर. बुडवलेलं न्हाई चालत.” मोबाईलवर काहीतरी टिपून तो जिना उतरून गेला.

मग अमरेशचा तोल सुटला. “दहा दिवस आत घेऊ दिलं न्हाईस, आन् आज परत द्यायचं तर त्याला आंघोळ घातलीस?”

“मंग काय बिनआंघोळीचं सैपाकघरात घेऊ?”



“आत्याबाई, आधी सांगायचं तरी,” सृष्टी म्हणाली.

“तुम्ही सांगितलं का, परत देऊन राहिलाव म्हणून?” नीलाबाई सुनेकडं न बघता बोलत होत्या. “काल सकाळी शेजारची कमलम्मा पूजेची फुलं मागायला आली. चपला काढायला वाकली, तर समोर तू, परात घेऊन. मला म्हन्ली, सुनेला बाहीर बसवलंय व्हय? लई लागलं मला.”

“बसवली कुणी?” अमरेश अजून तापलेलाच.

“मीच बसवली. म्हनून मीच उठवून राहिले न्हव?”

एवढं होऊन मशीन चालू होईल की नाही, ते कुणालाच माहीत नव्हतं. ते तीन दिवस गच्चीवर वाळलं. सोमवारी आणि मंगळवारी सृष्टी चारला उठली, आणि मंगळवारी तर तिनं सुटलेल्या बसला हात करून, पळत जाऊन ती पकडली.

बुधवारी ग्रिल उंबरा ओलांडून आत आलं. तेही नीलाबाईंची पूजा आटोपल्यावर, म्हणजे साडेसहाच्या पुढं. प्लग लावताना अमरेशनं सगळ्यांना मागं सरकवलं. लाल दिवा लागला. सृष्टीचा जीव भांड्यात पडला.

पहिला धपाटा निघाला. नीलाबाईंनी तो ताटात घेतला, दिव्याखाली धरला आणि त्यावरचे काळे पट्टे बोटानं मोजायला लागल्या. सात वाजत आले होते, डबे रिकामे, वेणी अर्धी. आता आणखी काय निघतंय यांचं, असं वाटून सृष्टी रडकुंडीला आली.

“सहा हायेत,” नीलाबाई म्हणाल्या. “भस्माचे तीनच आसतेत.”

“आत्याबाई, माझी बस...”

नीलाबाईंनी धपाटा बरोबर मधोमध मोडला. एक अर्धा सुनेच्या हातात कोंबला आणि दुसरा स्वतःच्या तोंडात घातला.

“तीन तुझे, तीन माझे,” त्या भरल्या तोंडानं म्हणाल्या. “नीघ तू. मागचे मी भाजते.”