किडीचा दाखला

पणजोबांनी घडवलेली सागवानी पेटी बाबासो सुतारानं गंगावेशीतल्या दुकानात मधोमध मांडली होती. जुन्या लाकडी सामानाचं वय सांगणाऱ्या मॅडम पुण्याहून आल्या होत्या, आणि त्यांना पटलेली वस्तू कारागिराच्या नावासकट संग्रहालयात लागणार होती.

मॅडमनी पेटीवरून भिंग फिरवलं आणि नाक मुरडलं. "ही कसली जुनी? किडीचं एक भोक नाही!"

"अवो मॅडम, चार पिढ्या दर दसऱ्याला तेल चोळतोय की आम्ही! कीड लागंलच कशी?"

पण मॅडम तोवर कोपऱ्यातल्या खुर्चीपाशी पोचल्या होत्या. "ही बघा अस्सल! भोकांवरूनच कळतं, सव्वाशे वर्षांची आहे."

ती खुर्ची बाबासोनं गेल्याच महिन्यात एका हॉटेलवाल्यासाठी चहाच्या पाण्यानं रंगवून, भोकं पाडून तयार केली होती.

"उद्या आमचे मोठे साहेब येतील. अशाच वस्तू काढून ठेवा," म्हणून मॅडम गेल्या.

बाबासोनं पायताण काढलं, पेटीपुढं हात जोडून पणजोबांची माफी मागितली...

आणि ड्रिल सुरू केलं.