मुठीतला भंडारा

“दादा, ‘एन्थुझिॲझम’ ह्या इंग्रजी शब्दाचा अर्थ दांडगा उत्साह,” वह्या तपासता तपासता कडूबा म्हणाला. “पण मुळात ग्रीक लोकांत त्याचा अर्थ होता, अंगात देव असणं.”

मल्हारी सावरून बसला. लेक हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर झाला, औरंगपुऱ्यात खोली केली, तरी त्याची पुस्तकं म्हाताऱ्याला परकीच होती. आज त्यांतून चक्क खंडोबा निघाला!

“मंग सायबाच्याबी अंगात येतं म्हन की!”

रविवार होता. बानाबाई तळीचं ताट मांडत होती. मल्हारीनं बायकोकडं कौतुकानं पाहिलं. पंधरा वर्षांमागं तिच्याच अंगात देव आला होता, म्हणाला होता, मेंढरं वीक, लेकराला शाळंत घाल. रझाकारांच्या धुमाळीतही जपलेली चाळीस मेंढरं मल्हारीनं एका बाजारात फुंकली आणि मोंढ्यात पोती उचलायला लागला. पाठ मोडली, पण कुरकुरला नाही. देवाचा शब्द होता.

“पुढं तर गंमतच झाली,” कडूबा रंगात आला होता. “मनातलं देवाच्या नावावर खपवणाऱ्यांनाही इंग्रज हाच शब्द लावायला लागले. आपल्या आईसारखं.”

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. बानाबाईच्या हातातलं खोबरं हातातच राहिलं.

“तुलाबी ठावं व्हतं?” मल्हारीनं लेकाला विचारलं.

कडूबानं वहीत तोंड घातलं.

“माझं तुमी ऐकलं नसतं,” बानाबाई हळूच म्हणाली. “देवाचं ऐकलं.”

मेंढरं गेली ती गेली. पण घरातली दोन माणसं पंधरा वर्षं आपल्याला खुळ्यात काढत होती, हे काही म्हाताऱ्याला सोसेना.

तळी मात्र उचलायलाच हवी होती. तिघांनी ताटाला हात लावला. “येळकोट येळकोट जय मल्हार!” तिसऱ्या पुकाऱ्याला बानाबाईचा अंबाडा सुटला, अंग घुमायला लागलं. आज तर तिला मागायचं काहीच नव्हतं.

अंगात आलं की घरधन्यानं आधी नाव विचारायचं, मग भंडारा लावून पाया पडायचं, अशी रीत. मल्हारीनं नाव कधीच विचारलं नव्हतं. देवाला काय ओळख विचारायची?

आज तो वाकला नाही. भंडाऱ्याची मूठ आवळून उभा राहिला.

“कोण आलंय?”