गोषातली मोटार

“वा! काय मोसंबीचे मळे हायेत!” पुढच्या सीटवरून आप्पासाहेब म्हणाले, आणि मागच्या सीटवर पडद्याआड बसलेल्या त्यांच्या बायकोने, चांगुणाने, डोळे मिटून घेतले. उघडे ठेवून तरी काय दिसणार होतं? समोर कापड, शेजारी कापड.

मोटार राहुरी मागे टाकून कोल्हारकडे निघाली होती. नाशिकला आप्पासाहेबांच्या भाचीचं लग्न होतं. लढाई संपून पेट्रोल जरा सैल झालं तशी त्यांनी ही मोटार घेतली, आणि पारनेराहून एवढ्या लांब ती पहिल्यांदाच निघाली होती. पण दारात मोटार आली म्हणून घरचा गोषा काही गेला नव्हता. आप्पासाहेबांच्या आईने, आता मागे चांगुणाच्या शेजारी बसलेल्या आक्काबाईंनी, स्वतः पडदे शिवले होते. खिडक्यांना दोन, मागच्या काचेला एक आणि पुढच्या-मागच्या सीटच्या मध्ये एक. फट म्हणून ठेवली नव्हती.

चांगुणा नांदायला आली तीही पडद्याच्या बैलगाडीतून. माहेर आणि सासर यांच्या मध्ये काय काय आहे, ते तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हा प्रवास ठरल्यापासून तिच्या जिवाला एकच लागलं होतं, निदान प्रवरा तरी दिसावी. “नदी आली की सांगा हं,” ती निघताना नवऱ्याला म्हणाली होती. “सांगतो की,” तो मोठ्या उदारपणे म्हणाला होता. नदी सांगायची नसते, बघायची असते, हे त्याच्या गावीही नव्हतं.

तेवढ्यात पुढे फट्‌कन आवाज झाला. ड्रायव्हर दाऊदने मोटार बाजूला घेतली आणि झाकण उघडलं. वाफेचा लोट वर आला.

“पंख्याचा पट्टा तुटला, साहेब,” दाऊद म्हणाला. “पर काळजी न्हाई. मागं पायाशी हत्यारांची पिशवी हाय, तिच्यात दुसरा हाय.”

आता मागे बायका. दाऊदला पडदा सारून आत डोकावायची सोय नव्हती. तो बाहेरूनच ओरडला, “आक्काबाई, पिशवीत काळा रबरी पट्टा हाय का बघा जरा!”

आक्काबाई वाकल्या. पान्हे, पकडी खडखडल्या. मग मांडीवरचं गाठोडं त्यांनी नीट आवळून बांधलं आणि आवाज दिला, “न्हाई रे बाबा. कायबी न्हाई हितं.”

“मी ठिवला हुता—”

“ठिवला हुता तर गेला कुठं?” आप्पासाहेब कडाडले. लग्नघरी पोचायची घाई होती.

“त्याला बोलू नगंस, आप्पा,” आतून आक्काबाई म्हणाल्या. “मानूस हाय. इसरतं.”

दाऊद कान खाजवत म्हणाला, जाड कापडाच्या पट्ट्या फाडून घट्ट वेणी घातली तर तेवढ्यावर निभेल. त्याच्या डोक्यावर एवढीशी टोपी. आहेराच्या लुगड्यांना हात लावायचा नव्हता. आप्पासाहेबांनी निमूटपणे फेटा सोडायला घेतला.

“थांब!” आक्काबाई म्हणाल्या. “इव्हायाच्या दारात बोडका उतरनार व्हय? पडदं घे.”

“आई, पडदं?”

“आमी पदर घिऊ फुडं. एकानं भागायचं न्हाई, समदं काढ. वाटंत परत तुटलं तर?”

आप्पासाहेबांनी पडदे उतरवले. वेणी बसली, आणि मोटार निघाली.

चांगुणाने पदर नाकापर्यंत ओढला होता. मग तो हळूहळू कपाळावर गेला. मोसंबीचे मळे खरंच होते. उसाच्या गाड्या होत्या, वाऱ्यावर हलणारी ज्वारी होती. कोल्हारच्या पुलावर प्रवरा आली, रुंद आणि उन्हात चकाकणारी, आणि चांगुणा काचेला नाक लावून बघत राहिली.

“दाऊद, थांबव रे,” आक्काबाई म्हणाल्या. “गाडीला पानी नको का घालाया?”

पाणी घालायला अंमळ वेळच लागला. पुढे संगमनेर गेलं, डोंगर जवळ आले. आक्काबाईंचाही पदर कधीच कपाळावर गेला होता.

नाशिकला पोचल्यावर आप्पासाहेब म्हणाले, “दाऊद, उद्या बाजारातनं नवा पट्टा आन. पडद्यालाबी कापड बघ.”

“कशाला उगं?” आक्काबाई म्हणाल्या. “वेनी झ्याक चालतिया. पडदं घरी गेल्याव शिवीन मी.”

बायकांच्या खोलीत आक्काबाई पाय पसरून सुपारी कातरत बसल्या. त्यांना बदलायला लुगडं काढावं म्हणून चांगुणाने गाठोडं सोडलं. वरची दोन लुगडी उचलली आणि तिचा हात जागीच थांबला. खाली, चोळीत नीट गुंडाळलेला, काळा रबरी पट्टा होता. कोरा.

तिने सासूकडे पाहिलं. आक्काबाईंनी मान वर केली नाही. अडकित्ता तेवढा थांबला.

“झाक ते आदी,” त्या म्हणाल्या. “आजून परत जायाचं हाय.”